गवंडी तिथला, बिगारी आपला

आमच्या गल्लीतली एक मुलगी रवांडाला निघाली आहे. समाजकार्याचं शिक्षण झालेली, दोन वर्षं एका शाळेत समुपदेशक म्हणून काम केलेली. तिथल्या एका डोंगराळ भागात १९९४च्या नरसंहारातून वाचलेली माणसं आणि त्याच नरसंहाराची शिक्षा भोगून परतलेली माणसं यांना एकत्र बसवणारा एक स्थानिक गट आहे. त्यांच्याबरोबर ती काही महिने स्वयंसेवक म्हणून राहणार. पगार नाही. विमानाचं तिकीट, विमा, पिवळ्या तापाची लस, सगळी पदरमोड. बातमी फुटली आणि गल्लीत दोन तट पडले. तेवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहायला घेतला नसता. पण मागच्या महिन्यात कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात नेमक्या याच विषयावर परिसंवाद झाला आणि तिथेही गल्लीतलेच मुद्दे आले, फक्त जरा इस्त्री करून. एक वक्ते म्हणाले, हा बुद्ध आणि गांधींचा देश आहे, जगाच्या जखमांवर फुंकर घालणं आपल्या रक्तातच आहे. दुसरे म्हणाले, ही सगळी फोटोची हौस; आफ्रिकेतलं पोर कडेवर घ्यायचं, फोटो टाकायचा, परत येऊन परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा; आणि आपल्या गावात दगड पडत होते तेव्हा ही मंडळी कुठे होती? टाळ्या दोघांनाही पडल्या. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर दोघांनाही सारख्याच जोरात वाजवल्या.

माझं म्हणणं असं: जावं. पण बरं करायला म्हणून जाऊ नये. पडलेल्या घराची भिंत कशी उभी करायची हे तिथल्या गवंड्याला कळतं. बाहेरून आलेल्याने त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राहावं. माल कालवावा, पाटी उचलून द्यावी, ओळंबा धर म्हटलं तर धरावा, आणि भिंत वाकडी दिसते का यावर विचारल्याशिवाय मत देऊ नये. परिसंवादातले दोघेही वक्ते एकाच गृहीतावर उभे होते, की परदेशी गेलेला माणूस तिथे मलमपट्टी करतो. एकाला ती थोर वाटते, दुसऱ्याला ढोंगी. ती त्याने करायचीच नसते, हे दोघांच्याही बोलण्यात आलं नाही.

आधी संशय घेणाऱ्यांविषयी. त्यांची बाजू मला अर्ध्याहून जास्त पटते. त्यांनी ती नीट मांडली नाही म्हणून मीच मांडतो. कंबोडियाचं उदाहरण घ्या. १९७५ ते १९७९ या काळातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिथे पंधरा ते वीस लाख माणसं मेली. देश पुढे हळूहळू सावरला, पर्यटक येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर पंधरा दिवस सेवा करून जाणारे स्वयंसेवक येऊ लागले. अनाथाश्रमांचं पेव फुटलं. गंमत अशी, की खरे अनाथ कमी होत असताना अनाथाश्रम वाढत होते. युनिसेफने लक्ष घातलं तेव्हा कळलं, की त्यातल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत आहेत. सेवा करायला येणाऱ्यांना मुलं हवी होती, म्हणून मुलं पुरवली जात होती. आणि त्या मुलांचं काय? दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते, रडत रडत विमानतळावर जाते. त्या पोराने आयुष्यात किती वेळा सोडून दिलं जायचं याला काही हद्द?

दुसरा मुद्दा त्याहून टोकदार आहे. चांगल्या हेतूने केलेली मनाची मलमपट्टी नुसती वाया जाते असं नाही, ती अपायही करू शकते. आपत्ती आली की दोन-चार दिवसांत लोकांना गोळा करायचं आणि जे घडलं ते तपशीलवार बोलायला लावायचं, मन मोकळं झालं की पुढचा त्रास टळतो, अशी एक पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर रूढ होती. पुढे तिच्या शास्त्रशुद्ध चाचण्या झाल्या. एका बैठकीत उरकलेल्या अशा कथनाने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, असं दिसलं. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मोठ्या मदतसंस्था यांनी मिळून २००७ साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत पायाशी ठेवलं ते सुरक्षितता, अन्न, निवारा, घरच्यांचा ठावठिकाणा आणि खरी माहिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या पुस्तिकेतही प्रथमोपचार करणाऱ्याला तीनच कामं दिली आहेत: बघणं, ऐकणं, आणि जिथून मदत मिळेल तिथे जोडून देणं. खोदून विचारणं त्यात नाही.

हे मी पुस्तकात वाचलं नंतर. पाहिलं होतं आधी. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. शिरोळ तालुका पाण्याखाली, महामार्ग शिरोलीजवळ बंद. पाणी उतरायला लागल्यावर एका शाळेतल्या छावणीत मी भांडी मोजायला बसलो होतो. (त्या भांड्यांचा हिशोब शेवटपर्यंत लागला नाही, ते असो.) बाहेरगावच्या एका संस्थेचा विशीतला पोरगा हातात छापील अर्ज घेऊन एका म्हातारीसमोर उकिडवा बसला. चांगला पोरगा, चेहऱ्यावर खरी कणव होती. ‘आजी, गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं? अजिबात नाही, कधीकधी, बऱ्याचदा, की सतत?’ आजींनी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ‘लेकरा, म्हस गेली माझी. दाव्याला बांधलेली व्हती, सोडाय गावली न्हाई. तुझ्या कागदात म्हशीला रकाना हाय काय?’ पोरगा गोंधळला. त्याने ‘बऱ्याचदा’वर खूण केली. पलीकडे चटईवर डाळ निवडत बसलेली दुसऱ्या गावची एक बाई न विचारताच म्हणाली, ‘माझी बी रेडी गेली’. आणि दोघी बोलायला लागल्या. दावं कुणी सोडायचं होतं, कोण आधी पळालं, नवरा काय म्हणाला, पाणी कुठवर आलं तेव्हा हंबरणं थांबलं. पोराने अर्जाची घडी करून खिशात घातली, उठला, आणि दोघींना चहा आणून दिला. त्या दुपारी त्याने केलेलं खरं काम तेवढंच, आणि ते उत्तम होतं.

म्हशीला रकाना नसतो, कारण अर्ज दुसऱ्या कुणाच्या तरी भाषेत तयार झालेला असतो. ‘आघात’ हा आपल्याकडे वर्तमानपत्रातला शब्द. घरात माणूस धसका घेतो, हाय खातो, पोर भेदरतं, आईच्या जिवाला घोर लागतो. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यावर घरातली जाणती बाई वेगवेगळं काहीतरी करते. रवांडाच्या भाषेत ‘इहाहामुका’ म्हणतात. त्या शब्दातच श्वास कोंडणं आहे. दर एप्रिलमध्ये तिथे स्मरणसप्ताह पाळतात, आणि भरल्या सभेत एखादी बाई अचानक किंचाळत कोसळते, जणू १९९४ आत्ता सुरू आहे. तिला उचलून बाजूला नेणारी, कवेत धरून बसणारी माणसं तिथलीच असतात; त्यांना त्यासाठी शिकवलेलं असतं. झिंबाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे विचारांनी पोखरलं जाणं. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली हरारेत दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले आणि त्यांवर वस्तीतल्या आज्या बसवल्या, थोडं प्रशिक्षण देऊन. २०१६ साली त्या प्रयोगाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. आज्यांशी बोललेल्यांची स्थिती नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा चांगली निघाली. बाकावर परदेशी पदवीधर बसवला असता तर काय झालं असतं, हे शिरोळच्या आजींना विचारा.

मग सगळं तिथल्याच माणसांनी करायचं तर बाहेरच्याची गरजच काय? हा खरा प्रश्न आहे, आणि परिसंवादात तो कुणीच विचारला नाही.

त्यासाठी मुळात काम काय आहे ते बघावं लागेल. रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ या साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची. मारणारे दुसऱ्या देशातून आले नव्हते; शेजारी होते, ओळखीचे होते, काही तर नात्यातले. पुढे तुरुंगांत लाखाहून जास्त संशयित कोंबले गेले. नेहमीच्या न्यायालयांतून ते खटले निकालात काढायला शंभर वर्षंही पुरली नसती, म्हणून गावच्या गवतावर भरणारी ‘गचाचा’ न्यायालयं उभी केली. २०१२ साली ती बंद झाली तोवर एकोणीस-वीस लाख प्रकरणं त्यांच्यापुढे आली होती. त्या न्यायालयांत त्रुटी किती होत्या यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात शिरत नाही. मुद्दा पुढचा. शिक्षा संपली, माणूस सुटला, आणि परत त्याच टेकडीवर राहायला आला जिथे त्याने मारलेल्या माणसाची बायको राहते. नळ एक. बाजार एक. चर्च एक. आता?

इथे जे काम चालतं त्यातलं एक मला नीट माहीत आहे, कारण आमच्या गल्लीतल्या मुलीने त्याची टिपणं मला वाचायला दिली. १९७५ साली न्यू यॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात कैद्यांनीच क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे मागणी केली, की आम्हाला हिंसेवाचून भांडण सोडवायला शिकवा. त्यातून जी कार्यशाळा तयार झाली ती पुढे देशोदेशी गेली. रवांडा आणि बुरुंडीतल्या क्वेकर मंडळींनी तिच्यातलं काही घेतलं, काही आपल्या पदरचं घातलं, आणि २००३पासून ‘हीलिंग अँड रीबिल्डिंग अवर कम्युनिटीज’ या नावाने तीन दिवसांचं शिबिर सुरू केलं. वीसेक माणसं, निम्मी या बाजूची, निम्मी त्या. एक खेळ असा, की एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसऱ्याने त्याला हाताला धरून अंगणातून, पायऱ्यांवरून फिरवायचं. मग उलट. विधवेच्या डोळ्यांवर पट्टी, आणि हात कुणाच्या हातात ते तिला ठाऊक असतं. शेवटच्या दिवशी भिंतीवर दोन झाडं काढतात, अविश्वासाचं आणि विश्वासाचं, आणि मुळाशी काय, फांद्यांना काय लागलंय ते लोकच सांगतात. चालवणारे दोघं-तिघं असतात, तेही दोन्ही बाजूंचे, आणि त्यांतल्या प्रत्येकाने आधी स्वतः ती पट्टी बांधून घेतलेली असते. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाने तिथे काय करायचं? भाषा येत नसेल तर खुर्च्या लावायच्या, भात वाढायला मदत करायची, नोंदवही लिहायची, रात्री निधीचा अर्ज टंकून द्यायचा. आणि बसायचं.

हे ‘बसणं’ हलक्यात घेऊ नका. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईला कोल्हापूर ते पंढरपूर आख्खं आयुष्य सांगणारी बाई तुम्ही पाहिली असेल. ते ती जावेला सांगत नाही, बहिणीलाही नाही. का? परकी बाई उतरून जाणार आहे, ती कुणाच्या बाजूची नाही, ते ऐकून तिच्या घरात काही बदलणार नाही. गावात प्रत्येक कान कुणाचा तरी असतो. जिथे गाव फुटलेलं असतं तिथे तर असतोच असतो. तिथे कुणाच्याच बाजूचा नसलेला एक कान असणं ही चैन नव्हे. अट एकच: त्याने ऐकावं, आणि ऐकलेलं विकू नये. तो फोटो, तो लेख, ती महाविद्यालयातली ‘माझे रवांडातील अनुभव’ ही स्लाइड, हे विकणंच आहे.

आता ‘आधी आपलं घर बघा’. हा आक्षेप मला टोचतो, कारण तो खरा आहे. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात बंद झाला, दगड पडले, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. ज्या राजाने १९०६ साली मुसलमान मुलांसाठी वसतिगृह काढलं, त्याच राजाच्या शहरात आणि जिल्ह्यात. या दोन तारखा पाठ असताना रवांडाचं तिकीट काढणं हा पळपुटेपणा नाही का?

नाही; आणि कारण आडनाव. मी गजापूरला गेलो तर दारात पाय ठेवण्याआधी माझं आडनाव आत पोचतं. ते ऐकून एका घरात चहा येतो, दुसऱ्या घरात माणसं अंग आखडून घेतात. मी कितीही भला असलो तरी माझ्या भलेपणाची परीक्षा माझ्या आडनावापासून सुरू होते. म्हणून घरचं काम अवघड, आणि म्हणून ते घरच्यांनाच करावं लागतं, वर्षानुवर्षं. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी तिथे मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन्ही समाजांच्या माणसांना नियमित एकत्र बसवलं, दंगल नसतानाच्या दिवसांत, गटारीपासून नळापर्यंतच्या तक्रारींवर. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गवंडी तिथलाच हवा याला याहून वेगळा पुरावा नको. पण बाजू न घेता दोन बाजूंच्या मध्ये बसायचं कसं, हे शिकायचं कुठे? ज्या गावात आपलं आडनाव कुणालाच कळत नाही, तिथे ते शिकणं सोपं. पोहायला शिकणारा आधी विहिरीत उतरतो, पुराच्या पंचगंगेत नाही. (शिवाय, ‘आधी गजापूर’ म्हणणाऱ्या त्या वक्त्यांना मी चहाच्या वेळी विचारलं, तुम्ही जाऊन आलात का? ते म्हणाले, प्रकृती बरी नसते.)

आणि आडनावाचा प्रश्न फक्त आपलाच आहे असं समजू नये. पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता, बाप स्वित्झर्लंडचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० साली त्याने फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवकांची तुकडी नेली. त्यात जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं त्यांच्याच माणसांनी येऊन ते बांधायचं, याहून सुंदर कल्पना कोणती? त्यांनी ढिगारे उपसले, झोपड्या उभ्या केल्या. पण गाववाल्यांना त्या पोरांच्या हातातलं फावडं दिसलं नाही, आडनाव दिसलं. जर्मनांना परत पाठवा असा धोशा सुरू झाला आणि काही महिन्यांत काम गुंडाळावं लागलं. एनच्या लोकांना मी दोष देणार नाही. ज्याच्या अंगणात प्रेतं पडली त्याने माफ कधी करायचं, याचं वेळापत्रक दुसऱ्याने लावू नये. सेरेसोलची समज अशी, की त्याने फावडं टाकलं नाही, जागा बदलली. जानेवारी १९३४च्या भूकंपानंतर हा माणूस पन्नाशी उलटलेली असताना बिहारात आला, राजेंद्रप्रसादांना भेटला, आणि तिथल्या शेतकऱ्यांबरोबर घरं बांधायला राहिला. तिथे त्याचं आडनाव कुणाला नीट उच्चारताही येत नव्हतं. बरंच झालं.

‘आधी घर’वाल्यांना मी आणखी एक नाव विचारतो, आणि ते त्यांच्याच पाठ्यपुस्तकातलं आहे. १९३७ साली चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूर म्हणजे तेच, जिथे १९३०मध्ये मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१मध्ये चार जणांना फाशी झाली. देश पारतंत्र्यात, खेड्यापाड्यांत डॉक्टर नाही, आणि हा चीनला चालला! तेव्हाच्या कट्ट्यांवर काय बोललं गेलं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि डिसेंबर १९४२मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. प्रत्येकाने मरेपर्यंत राहावं असं मी म्हणत नाही, आमच्या गल्लीतल्या मुलीची आई तर मुळीच म्हणू देणार नाही. पण तीन गोष्टी बघा. बोलावणं आलं होतं. हातात कसब होतं. आणि भाषा शिकायची तयारी होती. यांतली एकही नसेल तर विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ तिकडे पाठवून द्यावेत, हा हिशोबी लोकांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पंधरा दिवसांच्या सहलीला तर तो कायमचाच लागू. मात्र तिन्ही असतील तर पैसा माणसाची जागा घेत नाही. त्या वेळी चीनला पैसे आणि रुग्णवाहिकाही गेली होती. ती कुणाला आठवते?

आपण मदत घेणारे कधी नव्हतो आणि देणारे नेहमीच होतो, हा आपला आणखी एक समज. त्याची तपासणी करायला फार लांब जायला नको, वळिवड्याला जाऊ. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१मध्ये त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ही माणसं पंचगंगेकाठी पोचली. कुणाचा बाप वाटेत मेला, कुणाची आई. मनाला बसलेल्या धक्क्याचं याहून मोठं गाठोडं कोल्हापूरच्या वेशीत कधी आलं नसेल. आपण काय केलं? जागा दिली. शेजार दिला. भाजी विकली, दूध घातलं. खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा होता, हे आपल्या औदार्याच्या भाषणांत सहसा येत नाही. आणि बरं कुणी केलं? त्यांच्याच शिक्षिकांनी, त्यांच्याच धर्मगुरूंनी, त्यांच्या बालवीर पथकांनी, पोलिश भाषेतल्या शाळांनी आणि नाटकांनी. कोल्हापूरकराने एकाही पोलिश मुलाला ‘सैबेरियात तुला कसं वाटलं’ असं विचारलं नाही. म्हणूनच बहुधा ती मुलं सत्तरी-ऐंशी गाठल्यावर काठी टेकत इथे परत आली, महावीर उद्यानातल्या स्मारकापाशी उभी राहिली. बिगारीचं काम आपण उत्तम केलं होतं. न ठरवता.

त्याच छावणीची दुसरी गोष्ट मात्र आपण सांगत नाही. पोलिश लोक गेले आणि फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित त्याच बराकींत राहायला आले. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. त्यांच्यासाठी उद्यानात स्तंभ नाही, परदेशी पाहुणे नाहीत, वॉर्सात पुष्पचक्र नाही. आपण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो आणि भावावरून घासाघीस करून येतो.

बाहेरच्या माणसाचा आणखी एक उपयोग असतो, आणि तो सांगितला नाही तर माझी बाजू अर्धी राहील. तो नुसता तिथे असतो म्हणून काही गोष्टी घडत नाहीत. रवांडात कत्तल सुरू असताना एप्रिल १९९४मध्ये सुरक्षा परिषदेने आपलं शांतिसैन्य अडीच हजारांवरून २७०वर आणायचं ठरवलं. जगाचे डोळे निघून गेले, आणि निघून गेलेत हे मारणाऱ्यांनाही कळलं. याच्या उलट प्रयोग १९८१ साली सुरू झालेल्या ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ने केला, स्थापनेत शांतिसेनेचे नारायण देसाई होते, म्हणजे मूळ बी विनोबांच्या १९५७च्या शांतिसेनेतलं. ग्वाटेमालात मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या बायाबापड्यांच्या सोबत हे परदेशी स्वयंसेवक नुसते चालायचे, दारात बसायचे. शस्त्र नाही, भाषण नाही. परदेशी पारपत्र हीच ढाल. इथे एक कडू प्रश्न मला सुटत नाही. ती ढाल गोऱ्या पारपत्राची होती. आमच्या गल्लीतल्या मुलीचं निळं भारतीय पारपत्र कुणाला किती वाचवेल? फार नाही, असं मला वाटतं. पण ती जिथे चालली आहे तिथे बंदुका आता थांबल्या आहेत. तिथे उरलेली गोष्ट नळावरची आहे. त्या नळावर दोन बायका एकाच वेळी आल्या आणि मध्ये तिसरी, कुणाचीच नसलेली, हंडा घेऊन उभी असली, तर त्या दोघींना एकमेकींकडे न बघायला एक सोय होते. कधीकधी बघायलाही.

म्हणून तिला मी सल्ला दिला नाही, तीन गोष्टी विचारल्या. तुला कुणी बोलावलं? ‘तिथल्या गटाने, त्यांना हिशोब आणि इंग्रजी पत्रव्यवहार करणारं माणूस हवंय.’ समुपदेशन करणार का? ‘नाही, ते नको म्हणालेत.’ आणि तुझं काम आवडलं नाही तर तुला परत कोण पाठवू शकतं? ती हसली. म्हणाली, एक बाई आहेत, साठीच्या, नवरा आणि तीन मुलं गेलेल्या. त्यांनी सांगितलं तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची, असं आधीच लिहून घेतलंय. मला हे लिहून घेणं सगळ्यात जास्त आवडलं. आपल्याकडे सेवेला आलेल्या माणसाला ‘तू जा’ म्हणण्याची सोय कुणी ठेवत नाही, आणि पूरग्रस्त तर बिचारे जुन्या कपड्यांच्या ढिगालाही नको म्हणू शकत नाहीत.

निघायच्या आधी आईबरोबर ती गांधीनगरला कापड घ्यायला गेली, तिकडे साधे सुती पंजाबी बरे म्हणून. दुकान मुलगा चालवतो. गल्ल्याशेजारी वडील नुसते बसलेले असतात, ऐंशी ओलांडलेले. त्यांनी विचारलं, कुठे निघालीस बाळ? तिने सांगितलं. तिथे काय झालं होतं? तेही सांगितलं, दोन वाक्यांत. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग मीटरपट्टीने रस्त्यापलीकडे दाखवून म्हणाला, तिकडं बराक होती, एका खोलीत तीन घरं, मधे साडीचा पडदा. आमची आई रात्री त्या पडद्याला हात लावून झोपायची, पलीकडे कोणी आहे का बघायला. तिने पुढे काही विचारलं नाही. तो आणखी थोडं बोलला, मुलगा ठाण सोडायचं थांबून बापाकडे बघत राहिला. हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग गिऱ्हाईक आलं. चार ड्रेसचं कापड फाडून झालं, आणि भाव मात्र त्यांनी मीटरमागे एक रुपयाही कमी केला नाही.